पाएंगचं गाणं आणि माझं मौन

९ डिसेंबर, मंगळवार

डॉक्टरांनी माझं तोंड बंद केलं. नवरा, सासू आणि चर्चचे तीन फादर यांना जे जन्मात जमलं नाही, ते या मिसरूडही न फुटलेल्या मुलाने एका वाक्यात केलं. काल घशातल्या गाठी काढल्या आणि आज सांगितलं, नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत एक शब्द नाही. कुजबुजायचंही नाही, ते म्हणे बोलण्यापेक्षा वाईट. नाताळाआधीच्या मिस्सांना कोरसमध्ये उभी राहू का, असं पाटीवर लिहून विचारलं, तर नुसते हसले.

गाठी झाल्या कशाने, तर ओरडून. मी कुठे ओरडते? ज्या वृद्धांच्या घरात मी काम करते तिथल्या मिस्टर हॅलोरनना ऐकू येत नाही, त्यांच्याशी बोलताना आवाज जरा चढतो, एवढंच. त्या घरात सहा म्हातारे, त्यांतल्या चौघांच्या कानांची तीच गत. शिवाय शनिवारी कधीमधी कराओके. त्याला काय ओरडणं म्हणतात?

लिहायला बंदी नाही, म्हणून येताना औषधांच्या दुकानातून ही वही घेतली. सगळं पोटात ठेवलं तर मी फुटेन.

न्यायला पाएंग आला होता. माझा एकुलता एक. कागदावर राफाएल, पण आम्हा लोकांच्या जिभेला फ कुठला यायला, त्याचा प होतो. मी फेलिसितास, सगळं जग म्हणतं पेली. तो राफाएल, म्हणून पाएंग. त्याच नावाने रॅप करतो. कोणी विचारलं की सांगतो, रॅप माझ्या नावातच होता, आईनेच ठेवला. मला तो नानाय म्हणतो, म्हणजे आई. गाडीत म्हणाला, "नानाय, आता दोन आठवडे मी बोलणार आणि तू ऐकणार. असा योग पुन्हा येणार नाही." मी पाटीवर लिहिलं, रस्त्याकडे बघ.

१० डिसेंबर

सकाळी पुरिंगचा फोन आला. पाएंगने उचलला आणि स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "ऑपरेशन घशाचं झालंय ना? हातापायाचं तर नाही? मग पेलीला दुपारपर्यंत पाठव, इथे म्हाताऱ्यांचे हाल चाललेत." पाएंगचा चेहरा असा झाला की मी फोनच काढून घेतला. तिचं काय चुकलं? हातापायांना खरोखरच काही झालेलं नाही.

पाएंगला पुरिंग डोळ्यासमोर नको असते, आणि ती त्याची धर्ममाता, निनांग, आहे, बाप्तिस्म्याला तिनेच त्याला हातांवर धरलं होतं. त्या नात्याने आम्ही दोघी एकमेकींना कुमारे म्हणतो. मी मायदेशातल्या बातांगासहून इथे परक्या देशात, डेली सिटीत, उतरले तेव्हा विमानतळावर अंगावरचा कोट काढून माझ्या खांद्यावर घातला तो पुरिंगने. माझा नवरा मार्सियाल गेला तेव्हा दफनाची सगळी धावपळ तिने केली. म्हाताऱ्यांचं हे घर तिने स्वतः काढलं. त्याआधी तीसुद्धा माझ्यासारखीच दुसऱ्यांच्या घरात राबली. तिच्या उपकारांखाली मी आहे आणि राहीन. आणि ती मला नोकर समजत नाही. नेहमी म्हणते, "तू स्टाफ नाहीस गं, पॅमिली आहेस."

मी त्या घरातच राहते. जिन्यापाशी सोफा आहे, त्यावर झोपते. म्हाताऱ्यांच्या उशाशी बटण असतं, ते दाबलं की टिंग-टुंग अशी घंटा वाजते, आणि मी उठते. शनिवारी दिवसा घरी. या कामाला वेगळी खोली कशाला हवी?

११ डिसेंबर

पाएंग आल्याची-कोंबडीची पेज घेऊन कामावर आला. पेज चांगली होती, मीठ कमी. मग सोफ्यावर बसला तो हलेचना. माझ्याशी बोलला नाही, फोन हातात धरून गप्प बसून राहिला. तेवढ्यात घंटा तीनदा वाजली आणि मी तीनदा वर गेले. जिना उतरले की हा तसाच, फोन छातीशी. आजकालच्या पोरांना आईसमोरसुद्धा फोन सोडवत नाही. जाताना मात्र माझा हात घेऊन कपाळाला लावला. लहानपणी यासाठी दहा वेळा सांगावं लागायचं.

१३ डिसेंबर, शनिवार

आज घरी होते आणि दिवस वाईट गेला.

जेवताना डोळा लागला, चमचा हातातच. जागी झाले तर पाएंगने सगळं आवरलं होतं, फक्त माझ्या ताटाशेजारी त्याचा फोन पालथा पडलेला. मी तो सरकवला तर घाईने उचलून खिशात टाकला.

दुपारी त्याचे मित्र गॅरेजमध्ये जमले. मार्सियालचं सगळं सामान तिथेच आहे. लग्नात, बारशात रेकॉर्डी वाजवायचा त्याचा उद्योग होता, आणि पाएंग त्या खोक्यांमध्येच रांगला. मला वाटलं होतं तोही लग्नातच वाजवील. झालं भलतंच. हा युद्धाच्या विरोधात गातो, शेजाऱ्यांना देशाबाहेर काढतात त्या विरोधात गातो, मोर्च्यात ट्रकवर उभा राहून गातो. इथले राष्ट्राध्यक्ष आणि आमच्या तिकडचे, दोघांना एकाच कडव्यात बसवतो. परवा माझ्या भावाने बातांगासहून फोनवर सुनावलं, "आक्का, पोराला जरा आवर, इथे लोक आम्हाला विचारायला लागलेत." मला भीती वाटते. पण ट्रकवर तो गातो आणि हजार माणसं त्याच्यामागून म्हणतात, तेव्हा भीतीच्या वर काहीतरी वाटतं, तेही खरं.

तर मी कपडे वाळत घालत होते. गॅरेजमधून त्याचा आवाज आला. "पॅमिली," असं म्हणाला. माझ्यासारखं, अगदी माझ्या प ने. पुन्हा म्हणाला. आणि सगळे खो-खो हसले.

माझ्या बोलण्याला इथे लोक हसले नाहीत असं नाही. बँकेत हसले, बसमध्ये हसले. पण तो माझ्या पोटचा आहे.

संध्याकाळी कामावर परतताना त्याच्याकडे पाहिलं नाही. रुसले आहे.

१४ डिसेंबर

मिस्सेनंतर दिविना भेटली. ती पलीकडच्या टेकडीवरच्या घरात माझ्यासारखंच काम करते. तिच्याकडून कळलं की पाएंग गेले दोन महिने या बायकांना भेटतोय. रात्री उठतो त्यालाही काम म्हणा आणि आठवड्यातून दोन रात्री तरी घरी झोपू द्या, असं त्यांचं मागणं आहे. त्यावर त्याने गाणं केलंय आणि येत्या शनिवारी पारोलच्या कार्यक्रमात, सगळ्या पारिशसमोर, ते गायचं ठरलंय. दिविना म्हणाली, "आमच्यातल्या एकीचंही तोंड उघडत नाही. निदान तुझ्या पोराचं तरी उघडेल."

त्या कार्यक्रमाची यंदाची हेर्माना मायोर पुरिंग. सगळा मान तिचा, खर्चही तिचा. हॉलभर कागदाच्या चांदण्या, पारोल, तिच्या पैशाने लागल्यात. तिच्याच मांडवात तिच्याविरुद्ध गाणं! आपलेच दात आणि आपलेच ओठ. एकीकडे पोरगा, एकीकडे कुमारे, आणि मधे मी, तीही मुकी.

१५ डिसेंबर

काय होऊन बसलं ते लिहिते.

पुरिंग सकाळीच आली. भाजी चिरायला बसली, म्हणजे काहीतरी बोलायचं होतं. गाण्याचं तिच्या कानावर गेलंच होतं. म्हणाली, "पेली, मी काय राक्षसीण आहे का? त्या पोराला मी हातांवर धरलंय. त्याने ते गाणं म्हटलं तर मी त्या हॉलमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाही आणि तुझ्या घरातही नाही." मग सुरी खाली ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाली, "तुला तरी ते गाणं नकोच आहे ना?"

मला नवल वाटलं. इतक्या वर्षांत मला काय हवं, काय नको हे तिने पहिल्यांदाच विचारलं होतं. आणि नवल वाटलं की माणसाचं जे होतं तेच झालं. माझ्या भुवया वर गेल्या.

आमच्यात हो म्हणायला मान हलवावी लागत नाही. भुवया उचलल्या की हो. पुरिंगने मला मिठी मारली. "मला ठाऊक होतं," म्हणाली, आणि मी पाटी शोधेपर्यंत गाडीत बसून गेलीसुद्धा.

१६ डिसेंबर

पाएंग आला. निरोप त्याच्यापर्यंत पोचला होता. मी चिंचेचं कालवण ढवळत होते. तो दारात उभा राहून म्हणाला, "निनांग म्हणतात, तुला ते गाणं नकोय. खरं का, नानाय?"

पाटी ओट्यावरच होती. लिहिलं असतं की पुरिंगचा गैरसमज झाला, तर दोन शब्दांत मिटलं असतं. पण मला तो पॅमिली आठवला आणि ते हसणं आठवलं. मी तोंड फिरवून कालवण ढवळत राहिले.

त्याने ओट्यावरच्या पाटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठीक आहे. तुला नको तर नाही गाणार." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

एक गोष्ट आज कळली. मी रुसले की बोलत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. मार्सियाल लगेच ओळखायचा, मागे मागे फिरायचा, केक आणायचा. पण यावेळी मी तशीही बोलत नाही. मग माझा रुसवा दिसावा कुणाला? अंधारात डोळा मारल्यासारखं झालंय. रुसले मी आणि मनवणारा कोणी नाही.

१८ डिसेंबर

जे झालं ते बरंच झालं, असं मी स्वतःला सांगते. पुरिंग खूश आहे. काल तिने माझ्यासाठी नवी पांढरी चप्पल आणली. पाएंगवरचं संकट टळलं. देवाने माझ्या भुवयांकडून करवून घेतलं असेल.

पण आज चर्चच्या पायऱ्यांवर दिविनाने मला पाहिलं आणि रस्ता ओलांडून गेली. मी धावत गाठलं. ती म्हणाली, "तुझा काही दोष नाही गं. पण तुझ्या मुलाने आम्हाला तोंडावर सांगितलं, गाणं आईने मागे घ्यायला लावलं. ज्या बाईचं गाणं तिलाच नको, तर आम्ही कोण?" ज्या बाईचं म्हणजे काय, ते मला समजलं नाही. विचारायला पाटी काढली तोवर तिची बस आली.

मिस्टर हॅलोरनना वाटतंय त्यांचे कान आता पूर्णच गेले. माझे ओठ हलत नाहीत हे त्यांना दिसत नाही, कारण डोळेही तसेच. आज माझा हात हातात घेऊन घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पेलिसिती, तुझे हात थरथरतात. तू कधी झोपतेस?" त्यांना तर फ येतो, पण माझं ऐकून ऐकून तेही प म्हणायला लागलेत. मी त्यांची उशी नीट केली. मी झोपते की. घंटा वाजत नाही तेव्हा झोपते.

१९ डिसेंबर

पाएंग रोज येतो, जेवण ठेवतो, हात कपाळाला लावतो आणि जातो. गुणगुणत नाही. तो तीन वर्षांचा असल्यापासून जिना चढताना ओठांनी ताल धरतो, त्या आवाजावरून तो घरात कुठे आहे ते मला कळतं. आज जिन्यावर पावलं ऐकू आली आणि मला वाटलं दुसरंच कोणी आलं.

माझ्या पोराचं गाणं मी बंद केलं. तेही ऐकल्याशिवाय. आता कार्यक्रम उद्यावर आला, सगळं ठरलं, पुरिंगने पाहुण्यांना सांगितलं. आता कुठल्या तोंडाने मागे घेऊ? तोंड तर नाहीच.

२१ डिसेंबर, रविवार

काल संध्याकाळचं आज लिहिते. काल लिहिण्यासारखी स्थिती नव्हती.

हॉल खचाखच भरला होता. धुकं इतकं होतं की दारातून आत येणाऱ्यांच्या केसांवर पाणी. पुरिंग पहिल्या रांगेत, उभ्या बाह्यांचा रेशमी पोशाख घालून, राणीसारखी. तिने मला शेजारी बसवून घेतलं होतं, पण मी पाठीमागे भिंतीकडे गेले. तिथे दिविना आणि तिच्यासारख्या बऱ्याच जणी होत्या. दोन तासांची सुट्टी काढून आलेल्या, कोणाच्या अंगावर कामाचाच गणवेश. मला जागा दिली, पण एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही.

पाएंगने बापाची जुनी यंत्रं स्टेजवर मांडली होती. आधी दोन गाणी गायला, एक युद्धाचं आणि एक त्याच्या बापावरचं. त्यात मार्सियाल चुकीची रेकॉर्ड लावतो आणि सगळं लग्न उलटं नाचतं, असं आहे. म्हातारेसुद्धा हसले. मग तो थांबला.

म्हणाला, "तिसऱ्या गाण्याचे शब्द माझ्या आईने परत घेतलेत. तिचा हक्क आहे. शब्द मला तिनेच शिकवले. पण ताल माझा आहे, तो ऐकवतो आणि जातो." पुरिंगने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पायांकडे पाहिलं.

ताल सुरू झाला तो मजेशीरच. आधी नुसतं घोरणं. खर्र, आणि मग बारीक शिट्टी, पुन्हा खर्र. कोण बाई अशी घोरते देव जाणे. लोक हसले, मीही आवाज न करता हसले. त्यावर हळूहळू ढोल चढला, घोरण्याच्याच लयीत, आणि ते गोड वाटायला लागलं, बाळ छातीवर झोपतं तसं. हॉल शांत झाला. माझेच डोळे मिटायला लागले.

आणि टिंग-टुंग.

मी उभी होते. कधी उठले ते मला माहीत नाही, गुडघ्यांनी परस्पर केलं. एक पाऊल पुढेसुद्धा टाकलं होतं. भर हॉलमध्ये, सगळे बसलेले, आणि मी अशी. लाजेने कान तापले. बसायला म्हणून खुर्ची चाचपली, तर शेजारी दिविना उभी. तिच्यापलीकडची उभी. भिंतीकडची आमची सगळी रांग उभी होती, एकीची पर्स खाली पडलेली. मधल्या रांगांतही इथे एक, तिथे एक, ज्यांच्याबद्दल मला ठाऊकच नव्हतं अशा बायका. दोन बापेही. ती घंटा सगळ्या घरांत तीच असते, स्वस्तातली.

आणि पहिल्या रांगेत, रेशमी पोशाखात, पुरिंग उभी होती. समोर टेकायला काही नव्हतं, हात नुसता हवेत धरलेला, जिन्याचा कठडा धरावा तसा. घंटेवर तिला उठावं लागून युगं झाली. तिचं तिलाच कळलं नाही बहुतेक. मग कळलं, आणि तिने वळून मागे पाहिलं. आम्हा सगळ्यांना पाहिलं.

कोणी हसायला लागलं होतं, ते थांबलं. घंटा पुन्हा वाजली. कोणी बसलं नाही.

पाएंगने यंत्रावरचा हात उचलला नव्हता. तो फक्त माझ्याकडे पाहत होता, शाळेच्या फाटकातून पाहायचा तसा. हे त्याने ठरवून केलेलं नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावरून सांगते. त्यालाही माहीत नव्हतं की आम्ही उठू.

मी भुवया वर केल्या. या वेळी मी स्वतः केल्या, आणि त्याला दिसेपर्यंत खाली आणल्या नाहीत.

मग तो गायला. सगळं आठवत नाही, एवढं आठवतं:

पॅमिली म्हणता, तर पॅमिली सांगा,
कुठल्या पॅमिलीत आई झोपते जिन्यापाशी?
सहा जणांची स्वप्नं तिच्या उशाशी,
तिचं स्वतःचं स्वप्न उभं, बूट घालून, दाराशी.

पहिल्यांदा त्याने पॅमिली म्हटलं तेव्हा मी अंग चोरलं. पण दुसऱ्यांदा ते आमच्या रांगेने म्हटलं, आणि तिसऱ्यांदा अख्ख्या हॉलने, प ने, छाती पुढे काढून. गॅरेजमध्ये त्या दिवशी मला हसले नव्हते, मालकिणींच्या त्या शब्दाला हसले होते. किंवा मलाही हसले असतील थोडे. चालेल.

सोफ्याचं त्याला कसं माहीत, तो विचार सगळं संपल्यावर आला. पेज घेऊन आला होता तेव्हा पाहिला असेल.

पुरिंग तांदळाचा केक न खाताच गेली. तिच्याच पैशाचा होता.

२२ डिसेंबर

कामावरच आहे. येऊ नको असं तिने कळवलं नव्हतं, म्हणून शनिवारी रात्रीच परतले. पुरिंग दुपारी येऊन स्वयंपाकघरात बसली. ती बोलत नव्हती आणि मला बोलायची मनाई. दोघी मिळून सबंध टोपलीभर शेंगा निवडल्या. तिचा रुसवा मात्र मला स्पष्ट दिसत होता. मनवायचं कसं ते समजेना. तिच्या आवडीचं जांभळ्या कंदाचं गोड केलं, तिने एक चमचा खाल्लं आणि वाटी पुढे सरकवली. पण एक चमचा खाल्लं.

पाएंगला सकाळी पाटीवर लिहून दिलं होतं, तुझ्यावर रुसले होते. तो म्हणाला, "कधी?" मी पाटी त्याच्या डोक्यात घातली, हळूच.

२४ डिसेंबर

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि म्हणाले, आ म्हणा. मी म्हटलं. माझा आवाज नव्हता तो. भरड, खालचा, एखाद्या बसच्या ड्रायव्हरचा असावा तसा. कोरसमध्ये आता मला पुरुषांमागे उभं करतील. डॉक्टर म्हणाले, मिळाला हेच पुष्कळ, थोडं थोडं बोला, जपून वापरा.

पाएंगला वाटलं मी पहिला शब्द त्याच्याशी बोलेन. मला वाटलं होतं प्रार्थना म्हणेन. पण मला कामावर जायचं होतं आणि मनात एकच गोष्ट होती, ती दुसऱ्या कुणाला सांगून खर्च करायची नव्हती. गाडीभर मी तोंड मिटून बसले.

पुरिंग जिन्यापाशी चांदणीची तार नीट करत होती. पाठमोरीच होती. मी म्हटलं, "कुमारे, आज रात्री मी घरी झोपणार."

ती दचकली, आवाजालाच दचकली असेल. वळली. "नाताळच्या रात्री?" म्हणाली. "आणि मग घंटा कोण ऐकणार?"

"तू."

खूप वर्षांची मैत्री आहे आमची. मी तिच्याशी भांडले आहे, तिच्या गळ्यात पडून रडले आहे, तिची चहाडीही केली आहे. पण तिला काही करायला मी कधी सांगितलं नव्हतं. आता ती मला घराबाहेर काढेल असं मला वाटलं. तरी मी शब्द मागे घेतला नाही.

तिने तार सोडली. सोफ्याकडे पाहिलं. मग एकेक करून बोटांतल्या अंगठ्या काढल्या, आपल्या पर्सच्या कप्प्यात टाकल्या, आणि विचारलं, "पांघरूण कुठे ठेवतेस?"

"सोफ्याखाली. डोकं खिडकीकडे कर, जिन्याकडची स्प्रिंग वर आलीये."

ती बसली. स्प्रिंग लागली असावी, कारण जरा बाजूला सरकली. हात फिरवून पाहिला. मग म्हणाली, "पेली, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

डॉक्टरांनी थोडंच बोलायला सांगितलंय, म्हणून मी उत्तर दिलं नाही. तिच्याजवळ बसले. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, डोळे पुसले, आणि मग मलाच ओरडली, "जा आता, पोरगा गाडीत खोळंबलाय, मिस्सा चुकेल."

पुढच्या आठवड्यात दोन रात्री, असं ती मागून म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. पुन्हा म्हणावं लागलं तिला.

२५ डिसेंबर

जागी झाले तेव्हा ऊन पांघरुणावर होतं. सकाळची मिस्सा होऊन गेली होती. पाएंग कुठेतरी खाली ओठांनी ताल धरत होता. कोणी मला उठवलं नव्हतं.

आज लिहिण्यासारखं काही नाही. झोपले होते.